त्याने हात दाबला नाही

मी एक्स-रे काढतो. चोवीस वर्षं झाली. दिवसाला साठ-सत्तर माणसांना सांगतो, श्वास घ्या, रोखा, हलू नका, सोडा. बायकोच्या मते मी घरातही एवढंच बोलतो. माणसं माझ्यासमोर येऊन काय वाटेल त्या थापा मारतात. जिन्यावरून पडलो म्हणतात, दारात बोट सापडलं म्हणतात. मी वाद घालत नाही. फिल्म काढतो, दिव्याच्या पेटीवर लावतो, की खरं काय ते दिसतं. त्यामुळे मला फसवणं कोणाला जमणार नाही अशी माझी समजूत होती आणि ती मी चारचौघांत बोलूनही दाखवायचो. हल्ली दाखवत नाही. माझ्या सख्ख्या भावाने मला सातशे लोकांसमोर तोंडघशी पाडलं. त्याच्याआधी मी त्याचं काय केलं होतं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही उगाच माझ्या बाजूने व्हाल.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. घरात त्याला छोट्या म्हणायचे. आता एकोणचाळीस वर्षांचा आणि शंभर किलोंचा आहे, तरी छोट्याच. तो रिंगमधली कुस्ती खेळतो. पदकं मिळतात ती नव्हे. दोरांची, चकचकीत चड्ड्यांची, पाठीवर खुर्च्या मोडायची ती, जिच्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं.

लहानपणी आम्हा दोघांनाही तिचं वेड होतं. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर फरशीवर बसून बघायचो आणि घरी येऊन गादीवर एकमेकांना आपटायचो. माझा लाडका होता पांढऱ्या बुटांचा एक सज्जन पहिलवान, आणि त्याचा हाडवैरी होता एक टकल्या. एकदा ही मंडळी आमच्या गावात आली. बाबा आम्हाला घेऊन गेले. टकल्याने पांढऱ्या बुटाला असा काही तुडवला की मी डोळे झाकून घेतले. खेळ संपल्यावर सही घ्यायला आम्ही मागच्या फाटकाशी उभे राहिलो. दोघं एकाच स्कूटरवरून बाहेर आले. टकल्या चालवत होता आणि पांढरा बूट त्याची कंबर धरून मागे बसला होता. दोघं कशावर तरी खिदळत होते.

मी तेरा वर्षांचा होतो. घरी येईपर्यंत रडलो आणि भिंतीवरची सगळी चित्रं ओरबाडून काढली. सहा वर्षांचा छोट्या मात्र सगळ्या वाटेने उड्या मारत होता. "म्हणजे ते दोस्त आहेत, दादा," तो म्हणत राहिला. मला जे बघून किळस आली, तेच बघून त्याला ती कुस्ती दुप्पट आवडायला लागली.

छोट्या एकोणीस वर्षांचा झाला तेव्हा त्याने दूरच्या एका शहरातल्या कुस्तीशाळेत अर्ज केला. उत्तर आलं. निवड झाली आहे, पंधरा दिवसांत हजर व्हा. ते पत्र पडलं माझ्या हातात. आई आधीच गेलेली, बाबा अंथरुणाला खिळलेले. मी पत्र वाचलं, त्याचे चार तुकडे केले आणि दवाखान्यातल्या आमच्या खोलीच्या कचऱ्यात टाकले. स्वतःला सांगितलं की त्याच्या मानेच्या काळजीने केलं. रोज मोडकी हाडं बघणारा माणूस दुसरं काय करणार. खरं म्हणजे बाबांचं सगळं एकट्याने करायचं माझ्या जिवावर आलं होतं. आणि तो त्या स्कूटरवरच्या लोकांत जाऊन बसणार, हे मला सोसत नव्हतं. छोट्या दोन महिने पोस्टमनच्या वेळेला दारात उभा राहायचा. मी वरच्या खिडकीतून बघायचो. मग तो टाइल्सच्या दुकानात नोकरीला लागला.

बाबा गेल्यावर, सव्विसाव्या वर्षी, तो कोणाला न विचारता स्वतःच निघून गेला. शिकायला त्याच्याबरोबर बसली होती ती अठरा-एकोणीसची पोरं. जाताना मी त्याला म्हणालो, नाटक्यांत चाललास ना, तिकडेच राहा. तो तिकडेच राहिला. पुढची बारा वर्षं आमचं बोलणं वाढदिवसाच्या फोनपुरतं उरलं.

गेल्या वर्षी त्याच्या कंपनीने आमच्या शहरातलं जुनं स्केटिंगचं सभागृह भाड्याने घेतलं. दर रविवारी दुपारी चार वाजता खेळ. बायकोने मला न विचारता तिकिटं काढली. "भाऊ आहे तुमचा," ती म्हणाली. "अर्धा तास बसा. नाही पटलं तर उठू." मी हाताची घडी घालून, तोंड वाकडं करून जाऊन बसलो.

छोट्याचं काम हरण्याचं होतं. दर रविवारी कंपनी एक नवा दांडगट पोरगा आणायची. तो छोट्याला लोळवायचा आणि मोठा व्हायचा. पण मी आयुष्यभर हाडं बघितलेली. मला वेगळंच दिसायला लागलं. पोरगा त्याला उचलायचा तेव्हा उडी छोट्याच मारायचा. पडताना पाठ अशी पसरायचा की मार कुठेच एका जागी बसू नये. आणि एकदा तो पोरगाच वेडावाकडा कोसळला, तर फरशीच्या आणि त्याच्या डोक्याच्या मध्ये छोट्याचा तळहात होता. कधी घातला, कळलंही नाही. मार खाणारा मारणाऱ्याला सांभाळत होता. तेराव्या वर्षी मी ज्याला लबाडी म्हणालो होतो ती कारागिरी होती. भानावर आलो तेव्हा मी खुर्चीवर उभा होतो आणि त्या पोराला शिव्या घालत होतो. बायको माझी पिशवी धरून हसत होती.

मग एकही रविवार चुकला नाही. मी छोट्याच्या चित्राचा बनियन विकत घेतला. तो पोटावर तटतटायचा. दवाखान्यात खांदा निखळलेला कोणी आला की मी त्याला कोणत्या डावात खांदा असा जातो ते समजावून सांगायचो. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "वय काय तुमचं, आणि चाललंय काय." मला फरक पडत नव्हता. पंचेचाळिसाव्या वर्षी मला माझी गादी परत मिळाली होती आणि गादीवर समोर भाऊही होता.

खेळ झाला की तो आमच्याकडे यायचा. स्वयंपाकघरात खुर्ची उलटी करून बसायचा, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरायचा आणि चहा प्यायचा. माझे शंभर प्रश्न असायचे. अशाच एका संध्याकाळी त्याने मला ते सांगितलं.

"आत सगळं खोटं असतं, दादा. रक्तसुद्धा कधी कधी आम्हीच काढतो. पण दोन गोष्टी खऱ्या. रेफरीने डोक्यावर दोन हातांची फुली केली, की समजायचं माणूस खरंच जायबंदी झालाय. ती फुली मस्करीत कोणी करत नाही. आणि दुसरं, हात. पडलेल्याचा हात रेफरी हळूच धरतो. त्याने दोनदा दाबला, की ठीक आहे, चालू दे."

"आणि नाही दाबला तर?"

"तर फुली." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुला कधी शंका आली ना, सरळ माझा हात धर. मी बेशुद्ध पडल्याचं नाटक करत असेन, काहीही करत असेन. तुझा हात दाबीन. तुझ्याशी खोटं नाही."

मला असं कोणी कधी काही दिलं नव्हतं. मला तिथल्या तिथे पत्राचं सांगून टाकावंसं वाटलं. शब्द अगदी ओठांवर आले, आणि मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. पुढच्या रविवारी सांगू, असं मी त्यानंतर तीसेक रविवार म्हणत राहिलो. सगळं इतकं छान चाललं होतं की त्यात मिठाचा खडा टाकायची हिंमत होईना.

मग तो रविवार आला. त्या दिवशीचा पास छोट्याने स्वतः आणून दिला. पहिली रांग, कोपऱ्यातली खुर्ची, कठड्यात जिथे आत जायला फट आहे तिच्या अगदी शेजारी. समोर होता कंपनीचा नवा राक्षस, ज्याला सगळे घण म्हणायचे. दहाव्या मिनिटाला घणाने त्याला दोरावरून उलटा फेकला. छोट्या डोक्यावर पडला. एक बद्द आवाज झाला आणि तो उठला नाही. डावा पाय दोनदा उडाला आणि शांत झाला. रेफरी वाकला, त्याने हात धरला, थांबला. मग उभं राहून त्याने डोक्यावर फुली केली.

मी कठड्याकडे कसा गेलो मला आठवत नाही. फटीतला रखवालदार बाजूला झाला. तो किती चटकन बाजूला झाला हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी रिंगमध्ये गुडघ्यांवर बसलो, त्याचं डोकं दोन्ही तळहातांत घट्ट धरलं आणि ओरडलो, कोणी हलवायचं नाही, मान हलवायची नाही. मग एक हात सोडून त्याचा हात धरला. "छोट्या, दाब," म्हणालो. "मी आहे. दाब."

त्याने हात दाबला नाही.

मी दाबला. पुन्हा दाबला. ओल्या टॉवेलसारखा हात होता. मी बोलायला लागलो. "ते पत्र आलं होतं, छोट्या. तुझी निवड झाली होती. मी फाडलं. तू दारात उभा राहायचास आणि मी वरून बघायचो. माझं चुकलं. काय वाटेल ते कर, पण असा जाऊ नकोस." मी रडत होतो. वीस वर्षं गिळलेलं सगळं मी त्याच्या कानात ओतलं, आणि त्याची बोटं जराही हलली नाहीत.

त्याला स्ट्रेचरवर घातलं. मी डोकं धरून बरोबर धावलो. पडद्यामागच्या बोळात गेल्यावर त्यांनी स्ट्रेचर खाली ठेवलं, आणि छोट्या उठून बसला. त्याने पाणी मागितलं. रेफरीने माझ्या पाठीवर थाप मारली. "दादा, काय काम केलंत," तो म्हणाला. "कॅमेरा तुमच्या तोंडावरून हललाच नाही." माझे हात अजून तसेच होते, मध्ये डोकं असल्यासारखे. छोट्या माझ्याकडे बघत नव्हता. मी बोळातून तसाच बाहेर पडलो आणि चालत घरी आलो. बनियन काढून फरशी पुसायच्या बादलीत टाकला.

बायकोने फोनवरून त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. बारा वर्षं हरायला लावल्यावर कंपनी त्याला एकदा विजेत्याचा कमरेचा पट्टा देणार होती. गोष्ट अशी की बिचाऱ्याची मान मोडते, डॉक्टर नाही म्हणतात, तरी दोन आठवड्यांनी तो परत येतो आणि घणाला चीत करतो. हल्लीच्या प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं. त्याला रडवायचं तर तो ज्याच्यावर अजून विश्वास ठेवतो असं काहीतरी खर्ची घालावं लागतं. तसं एकच उरलं होतं, ती फुली. आणि फुलीला पुरावा म्हणून एक खराखुरा घाबरलेला माणूस हवा होता. "त्यांच्यापैकी कोणाला तसं घाबरता येत नाही म्हणे," बायको म्हणाली आणि तिनेच फोन आपटला. माझ्या भावाने माझा केसाने गळा कापला होता. लोक तो व्हिडिओ एकमेकांना पाठवून रडत होते.

दहा दिवसांनी, बुधवारी जेवणाच्या सुट्टीत, तो दवाखान्यात आला. गळ्यात मोडलेल्या मानेला लावतात तो पट्टा, बाहेरच्या बाकावरची माणसं हळहळतायत, एक आजोबा जागा देतायत. आत आल्यावर त्याने दार लावलं आणि गळ्यातला पट्टा काढून टेबलावर ठेवला.

"बोलणार नाहीस?" तो म्हणाला.

"नंबर लावलास का?"

"दादा."

"हात का नाही दाबलास, एवढंच सांग. बाकी काही नको."

तो स्टुलावर बसला. बुटांकडे बघत म्हणाला, "आधी कॅमेऱ्यामुळे. तो अगदी बोटांवर होता. पण तरी दाबणार होतो, शपथ. मग तू पत्राचं बोलायला लागलास." त्याने मान वर केली. "दाबला असता तर तू बोलायचा थांबला असतास."

हे वाक्य मी त्यानंतर हजार वेळा तपासलं आहे. कदाचित ते त्याने माझ्याशी बोललेलं सगळ्यात खरं वाक्य असेल. किंवा कंपनीत गोष्टी लिहिणारा जो माणूस आहे त्याने ते लिहून दिलं असेल. आधी मला ते हात धरून विचारता आलं असतं. आता माझ्याकडे काही साधन उरलं नव्हतं, आणि ह्याच गोष्टीसाठी मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला.

"मग पत्राचं काय म्हणणं आहे तुझं?" मी विचारलं.

"ते नंतर बोलू. आधी एक काम होतं." त्याला खरंच अवघडल्यासारखं झालं होतं. "मोडलेल्या मानेची एखादी फिल्म हवी होती. कोणाचीही चालेल, फक्त नाव माझं घाल. रविवारी मोठ्या पडद्यावर दाखवायची आहे."

मी कपाळाला हात लावला. माफी मागायला आलाय असं मी समजत होतो, आणि हा आला होता सामान न्यायला. माझं डोकं फिरलं. "दुसऱ्या कोणाची देणार नाही," मी म्हणालो. "तुझीच काढतो. घेऊन जा आणि लाव पडद्यावर तुझी धडधाकट मान. सातशे लोकांना दिसू दे." आमच्या डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत रिपोर्ट लिहीत बसल्या होत्या. त्यांच्याकडून चिठ्ठी घेतली आणि त्याला मशीनसमोर बाजूने उभा केला.

"खांदे खाली. मान पुढे वाकव. श्वास घे, रोख. हलू नकोस." तो शहाण्या मुलासारखा ऐकत होता. "सोड."

चित्र पडद्यावर आलं. मी बघितलं आणि पुन्हा काढलं, कारण माझंच काही चुकलं असेल असं वाटलं. दुसरंही तसंच आलं. पाचवा मणका सहाव्यावरून पुढे घसरला होता. एक जुनी मोड आपोआप कशीबशी जुळलेली होती, केव्हाची कोण जाणे. मी फिल्म घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी ती पेटीवर लावली आणि चष्मा वर केला.

"हा माणूस चालत आला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "ह्याला घरी पाठवू नका. मान पुढे वाकलेली असताना एक बरा धक्का बसला तर गळ्याखालचं सगळं जाईल. आजच दाखल करा." त्यांनी रिपोर्ट लिहिला, सही केली, शिक्का मारला. दहा दिवस मी मनातल्या मनात ह्या माणसाचा गळा दाबत होतो.

मी खोलीत येऊन फिल्म त्याच्यासमोर दिव्यावर लावली. छोट्या उठून जवळ गेला.

"वा," तो म्हणाला. "कोणाची आहे?"

"तुझी."

"मस्त. नाव पण छापलंस." त्याने रिपोर्ट वाचला. "बाईंची सही, शिक्का. दादा, तू आमच्या कंपनीत यायला हवं होतंस."

"छोट्या, ऐक. मस्करी नाही. ही आत्ता काढलेली तुझी मान आहे. डावा हात बधिर होतो का तुझा?"

"होतो की. चार-पाच वर्षं. आमच्यात सगळ्यांचे होतात."

"बाई म्हणतात आजच दाखल हो. रविवारचं सोड. तो पट्टा सोड."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "पट्टा सोड," तो माझ्याच शब्दांत म्हणाला. "बरोबर. तूच म्हणणार हे. मी एकोणीसचा होतो तेव्हा पण माझ्या मानेचीच काळजी होती ना तुला?"

"नाही," मी म्हणालो. "तेव्हा मानेचं निमित्त होतं. तेव्हा मी स्वतःसाठी केलं. आता खरंच मान आहे." मी हे बोललो आणि माझ्याच कानांना ते कसं ऐकू आलं ते मला कळलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता.

"सात वर्षं, दादा," तो शांतपणे म्हणाला. त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "विसाव्या वर्षी मी काय उड्या मारल्या असत्या तुला माहितेय? मी शिकायला लागलो तेव्हा माझ्या बरोबरीचे पट्टे घेऊन मोकळे झाले होते. मग मी पडायला शिकलो, कारण उशिरा आलेल्याला तेवढंच काम मिळतं. आता एकदाच, शेवटी, जिंकायला देतायत. आणि बरोबर त्याच आठवड्यात तुझ्याकडे फिल्म तयार."

"बाईंना विचार. चल, आत्ता विचार."

"बाई तुझ्या." त्याने फिल्म काढून पाकिटात सरकवली, रिपोर्टही घेतला. गळ्यात पट्टा चढवला. दाराशी जाऊन थांबला. "पण फिल्म खरंच भारी आहे. हीच दाखवू," तो म्हणाला. बाहेर काठी टेकत येणाऱ्या एका बाईंसाठी त्याने दार धरून ठेवलं आणि गेला.

चार दिवस मी काय काय केलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला दोनदा फोन केला. सोमवारी नक्की येतो, असं तो अदबीने म्हणाला. मी कंपनीच्या मॅनेजरला गाठलं. तो पूर्ण ऐकून म्हणाला, "आवाजातली थरथर छान आहे, रविवारी अशीच ठेवा." बायको छोट्याच्या खोलीवर जाऊन आली. त्याने तिला चहा करून दिला आणि विचारलं, "वहिनी, ते पत्र त्याने फाडलं तेव्हा तुला सांगितलं होतं का?" तिला नव्हतं सांगितलं. तिला ते व्हिडिओतून कळलं होतं. घरी आल्यावर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

रविवारी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. माझी कोपऱ्यातली खुर्ची राखून ठेवलेली होती. लोक मला ओळखत होते. दोन-तीन जणांनी हात मिळवला आणि एका गृहस्थाने माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. मग दिवे मंद झाले आणि मोठ्या पडद्यावर ती फिल्म आली. त्यांनी ती उलटी लावली होती, पण म्हणून काही बदलत नव्हतं. मणके दाराएवढे दिसत होते. निवेदकाने बाईंचा रिपोर्ट शब्दन् शब्द वाचला, आणि सातशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला. त्यांना भीती वाटत होती आणि ती आवडत होती. ती फिल्म वाचता येणारा तिथे मी एकटा होतो.

छोट्या आला. गळ्यातला पट्टा त्याने रिंगच्या मधोमध उभं राहून काढला आणि बाहेर भिरकावला. लोक उठून नाचायला लागले. मी खुर्चीवर चढलो. "थांबवा," मी ओरडलो. "खरं आहे ते. ती फिल्म मी काढलीय. त्याची मान खरंच मोडलीय, कोणीतरी थांबवा त्याला." माझा आवाज फाटला. शेजारच्या बाईने डोळे पुसले आणि मला कॅमेऱ्यात नीट दिसता यावं म्हणून आपली खुर्ची बाजूला सरकवली. पुढच्या माणसाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी फटीकडे धावलो. तिथे आज दोन रखवालदार होते. त्यांनी मला धरलं, आणि हळुवार धरलं, मोठ्या नटाला धरावं तसं. रेफरी दोरापाशी आला, माझ्याकडे वाकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "आज आत नका येऊ. पण बोलत राहा, छान चाललंय."

मी बोलत राहिलो. दुसरं काय करणार होतो. मी जितका ओरडत होतो तितक्या टाळ्या वाढत होत्या. मग मागच्या रांगेत कोणीतरी सुरू केलं आणि बघता बघता सगळं सभागृह एका तालात "दादा, दादा" म्हणायला लागलं. छोट्याने ते ऐकलं. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, छातीवर हात ठेवला, आणि त्याचे डोळे भरले होते. ते खरे होते की नाही मला सांगता येणार नाही. घण समोर येऊन उभा राहिला. त्याला पकड नीट घेता यावी म्हणून छोट्याने आपण होऊन मान पुढे वाकवली.